हरवलेल्या वस्तूंचा रकाना

लोताला जाणारी बस समुद्राच्या कडेकडेने जाते.
मांडीवर खोका : चाळीस माहितीपत्रकं,
एक पेनड्राइव्ह, आणि विभागप्रमुखांची सूचना,
"मुलांना स्वप्न दाखवा, काँक्रीट नको."
मी काँक्रीट शिकवते. एकोणीस वर्षं.
स्वप्न किती दिवस पाण्यानं भिजवावं लागतं
मला ठाऊक नाही.

शाळा टेकडीवर. खाली बंद पडलेली कोळशाची खाण,
तिच्या तोंडाशी आता तिकीटघर.
शेवटच्या वर्षाची एकतीस मुलं,
मंगळवारचा तास, जेवणाआधीचा,
म्हणजे भुकेच्या विरुद्ध बोलायचं.

पडद्यावर पहिलं चित्र : पांढरं हेल्मेट, पांढरे दात,
बोट लांबच्या क्रेनकडे.
मागून येर्को म्हणाला,
"बाई, याच्या हेल्मेटला एकही ओरखडा नाही."
वर्ग हसला. मीही हसले असते,
पण फोटो निवडणाऱ्या समितीत मी होते.

दुसरं चित्र पगाराचं, चढत जाणारे खांब.
"माझा बाबा गवंडी आहे," नायारेत किलोद्रान,
खिडकीजवळची, हात वर न करता,
"तो म्हणतो, काहीही शीक, विटेला हात लावू नकोस.
आधी त्याची कंबर बघा, मग खांब दाखवा."
उत्तर माहितीपत्रकात नव्हतं.
उलटून पाहिलं. नव्हतंच.

प्रोजेक्टर बंद केला. पर्समधून ओळंबा काढला.
पितळी, लिंबाएवढा,
माझ्या पहिल्या मुकादमानं निवृत्त होताना
हातावर ठेवलेला : "घे. हा कुणाच्या बापाला भीत नाही."

येर्को बाकावर चढला. नकाशाच्या खिळ्याला दोरी.
ओळंबा डुलला, डुलला,
कुणीतरी "हलू नका रे" म्हणालं,
थांबला.
वर भिंतीला चिकटलेली दोरी
खाली भिंतीपासून दोन बोटं लांब.

"म्हणजे भिंत आमच्यावर वाकलीय?"
"हो."
"कधीपासून?"
"बहुतेक तुम्ही दोन वर्षांचे होतात, त्या रात्रीपासून."
त्या रात्रीचं नाव इथे घ्यावं लागत नाही.
काय पडलं ते घराघरात पाठ आहे.
उभं राहिलं ते कसं उभं राहिलं,
विचारायचं राहूनच गेलं.

घंटा झाली. वीसेक जण पळाले, भूक ती भूक.
उरलेले दारं मोजत सुटले, कपाटं, फळा,
एकानं दुसऱ्याच्या पाठीलाच ओळंबा लावला.
नायारेत जागची हलली नाही.

"बांधली तेव्हा तपासली असेल ना कुणी?"
"सही तरी केली असेल."
"सही करणाऱ्याला भिंत रचता येत होती?"
खोटं बोलायला वेळ होता. बोलले नाही.
"सगळ्यांना येत नाही. माझ्या पहिल्या भिंतीनं
तीन दिवसांत पोट काढलं होतं."
"बाबाला येते," ती म्हणाली. थोडी थांबली.
"त्याची सही चालत नाही."

मुख्याध्यापकांना भिंतीचं सांगितलं.
ते म्हणाले, तिथे कपाट सरकवू.
मी म्हटलं, लेखी कळवते.
बसस्टॉपवर आल्यावर पर्स हलकी लागली.
परत गेले नाही.

रात्री अहवाल भरायला बसले.
वाटलेली पत्रकं : एकतीस. त्यातलं एक
गटाराच्या पाण्यात होडी होऊन चाललेलं पाहिलं.
भरून आलेले अर्ज : शून्य.
हरवलेल्या वस्तू : ओळंबा, एक, दोरीसकट.

विकलाही असेल कुणी. पितळेला भाव आहे.
किंवा या क्षणी, डोंगरउतारावरच्या एका स्वयंपाकघरात,
एक माणूस कंबर धरून स्टुलावर चढला असेल
आणि खालून कुणी सांगत असेल,
बाबा, अजून वर धर, भिंतीला टेकवून.

कारण, असं विचारलं होतं रकान्यात.
लिहिलं : कामी आला.